काउंटरच्या अलीकडचे सर

नागपूरच्या नंदनवन भागातल्या आमच्या गल्लीत भाजीची गाडी आली की सर गेटबाहेर यायचे आणि इंग्रजीत भाव विचारायचे. "हाउ मच इज धिस?" गाडीवाल्या मावशींना इंग्रजी येत नव्हतं, पण प्रश्न रोजचाच असल्यामुळे त्या भाव सांगून मोकळ्या व्हायच्या. मग सर एखादं वांगं उचलायचे, उन्हाकडे धरून पाहायचे आणि म्हणायचे, "आय ॲम जस्ट लुकिंग."

"पाहा, पाहा," मावशी म्हणायच्या. "तुमचं पाहून झालं की सांबार घेऊन जा. ताजा आहे."

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. सर सांबार घ्यायचे, वांगी घ्यायचे, आणि मावशींनी पिशवीत टाकलाच म्हणून मुळाही घ्यायचे. गल्लीत त्यांचं नाव 'जस्ट लुकिंग सर' पडलं होतं. पण नुसतं पाहून, काहीही न घेता परत फिरलेले सर मी कधी पाहिले नाहीत. ही गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली. आली तेव्हा मात्र ती डोक्यातून जाईना.

मी उमरेडच्या पुढच्या एका गावातून नागपूरला शिकायला आले. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. बाबा गावात जळालेल्या पंपांच्या मोटारींचं वाइंडिंग करतात. नंदनवनात वरच्या मजल्यावर खोली मिळाली, ती सरांची. भाडं ठरवताना त्यांनी एकच अट घातली. संध्याकाळी खाली त्यांचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरतो, त्याला बसायचं. त्याची वेगळी फी नाही. बाबांना वाटलं, काय भला माणूस आहे. मला वाटलं, आता आपलं इंग्रजी नसणं रोज संध्याकाळी उघडं पडणार.

पण त्या वर्गात व्याकरण नव्हतंच. स्वतःची ओळख करून देणं नव्हतं, मुलाखतीची तयारी नव्हती. सर फक्त खरेदीचं इंग्रजी शिकवायचे. त्यांनी आयुष्यभर एका शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, कविता आणि निबंध शिकवले होते, आणि निवृत्त झाल्यावर हे सगळं सोडून फक्त दुकानात बोलायची वाक्यं हाती घेतली होती. मी एकदा धीर करून विचारलं की असं का. ते म्हणाले, बाकीचं इंग्रजी चुकलं तर फक्त मार्क जातात.

पुढच्या खोलीत एक खरं काउंटर होतं. बंद पडलेल्या कुठल्यातरी कापडदुकानातून आणलेलं, सागवानी, वरून आणि पुढून काचेचं. ते इतकं मोठं होतं की त्याच्या मागे जाणाऱ्याला भिंतीला पाठ लावून, आडवं होत सरकावं लागायचं. मनीषनगरला राहणारा त्यांचा मुलगा रविवारी यायचा आणि दर रविवारी तेच म्हणायचा, "बाबा, हे काढा आता." सर मान हलवायचे आणि त्याला चहा काउंटरवरच द्यायचे.

काचेच्या आत वर्गाचं सामान मांडलेलं असे. फरशी पुसायचे मॉप, दोरी ओढून भाजी चिरायची यंत्रं, चार्जिंगच्या बॅटऱ्या, कंगव्यांचे संच, अगरबत्त्या, डाग काढायची पावडर, चादरी. एक जण काउंटरच्या पलीकडे दुकानदार व्हायचा, एक जण अलीकडे गिऱ्हाईक. सर नेहमी अलीकडे उभे राहायचे, गिऱ्हाइकाच्या शेजारी. दुकानदार कोणी व्हायला तयार नसला, वर्गात दोनच मुलं असली, तरी सर पलीकडे जायचे नाहीत. एकदा मी म्हटलं, सर, आज तुम्ही व्हा ना दुकानदार. ते काचेवरची धूळ बोटाने पुसत राहिले, आणि मग त्यांनी एका मुलाला शेजारून बोलावून आणलं.

त्यांच्या मते सगळी खरेदी तीन वाक्यांवर उभी होती. पहिलं, मी फक्त पाहतोय. दुसरं, हे दुसऱ्या रंगात आहे का. तिसरं, मी विचार करून सांगतो, म्हणजे "आय विल थिंक अबाउट इट." पहिलं वाक्य घाबरणाऱ्यांसाठी, कारण ते म्हटलं की दुकानात उभं राहायचा हक्क मिळतो. दुसरं वाक्य मजेसाठी. तिसरं सगळ्यात अवघड, असं ते म्हणत, कारण आपल्या लोकांना दुकानात विचार करायची परवानगी असते हेच माहीत नसतं. उभं राहून, हात मागे बांधून, आम्ही ते वाक्य म्हणायचो. आवाज पडला की सर म्हणायचे, "तुम्ही माफी मागताय, मॅडम. विचार करणं हा गुन्हा नाही." ते आम्हाला सगळ्यांना मॅडम आणि सर म्हणायचे, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

मोबाइलवरून खरेदी करणाऱ्यांवर त्यांचा राग नव्हता, पण कुतूहल होतं. माझ्या वर्गातली एक मुलगी दिवसभर कपडे पाहायची आणि सोडून द्यायची. सरांनी तिला विचारलं, घ्यायचं नसलं की काय करता? ती म्हणाली, काही नाही सर, बंद करते. सर बराच वेळ तिच्या फोनकडे पाहत होते. मग म्हणाले, "म्हणजे नाही म्हणावंच लागत नाही. मग माणसाला नाही म्हणणं तुम्ही शिकणार कुठं?"

माझी परीक्षा त्यांनी इतवारीच्या बाजारात घेतली. भांड्यांच्या ओळीत आम्ही गेलो. हातगाड्या, टेम्पो, वर टांगलेल्या बादल्या, आणि त्यातून वाट काढत सर पुढे. त्यांनी एका दुकानासमोर मला उभं केलं आणि स्वतः समोरच्या रसवंतीत जाऊन बसले. मला फक्त एक गंज पाहायचा होता, म्हणजे भात-भाजी शिजवायचं पातेलं, आणि तिसरं वाक्य म्हणून परत यायचं होतं. शेठ इंग्रजीत बोलणार नाहीत हे सरांना माहीत होतं. ते म्हणाले, मनात इंग्रजीत म्हणा आणि तोंडाने मराठीत, चालेल.

शेठजींनी एक गंज काढला. मग त्याच्यापेक्षा जाड बुडाचा काढला. मग नोकराला शिडीवर चढवलं. नोकराने वरून कागदात गुंडाळलेले गंज उतरवले, एकेकाचा कागद सोडला, एकेक बोटाने वाजवून दाखवला. तो घामाने भिजला होता. माझ्यासमोर गंजांची रांग लागली. शेठजी म्हणाले, "बेटी, पाणी पी." मी पाणी प्यायले. आणि पाणी प्यायल्यावर माझ्या तोंडून ते वाक्य निघणं शक्य नव्हतं.

मी रसवंतीत परत गेले तेव्हा माझ्या हातात सगळ्यात जाड बुडाचा गंज होता. ऑटोपुरतेही पैसे उरले नव्हते.  सरांनी ऑटो केला नाही, माझ्यासोबत चालत निघाले. अर्ध्या वाटेत त्यांनी विचारलं, "हा गंज तुम्हाला हवा होता का?"

"नाही सर."

"मग कोणाला हवा होता?"

मी विचार केला. "तो शिडीवर चढला होता ना, सर. त्याला."

सर थांबले. त्यांनी गंज माझ्या हातून घेतला आणि घरापर्यंत स्वतः धरला. मला वाटलं होतं ते रागावतील, पण ते माझ्याकडे ओळखीचं माणूस भेटावं तसे पाहत होते. ते का, हे मला तेव्हा कळलं नाही.

काचेच्या आतलं सामान कुठून येतं, तेही मला नंतरच कळलं. दुपारी कॉलेज लवकर सुटलं की मी घरी असायचे. दारोदार फिरणारे विक्रेते गल्लीत यायचे, आणि बाकीच्या घरांतून आतूनच आवाज यायचा, "उद्या या." सरांचं दार मात्र उघडायचं. ते त्या माणसाला बसवायचे, पाणी द्यायचे, त्याचं सगळं बोलणं ऐकायचे. मला वाटायचं, आता म्हणतील तिसरं वाक्य, आता म्हणतील. ते वस्तू हातात घेऊन पाहायचे, दुसरा रंग आहे का विचारायचे, आणि घ्यायचे. मॉप घ्यायचे. घरात आधीचे मॉप उभे असताना घ्यायचे. शहरातल्या पोरांना नाही म्हणायला शिकवणारा माणूस स्वतःच्या दारात एकदाही नाही म्हणू शकत नव्हता. मला हसू यायचं, आणि मग हसू आल्याचं वाईट वाटायचं.

दुसऱ्या वर्षाला असताना मला एका कोर्सची जाहिरात दिसली. विमानतळावर, मोठ्या हॉटेलांत नोकरी लागते म्हणे. पोस्टरवर निळा ब्लेझर घातलेली एक मुलगी होती. मला तो कोर्स नको होता असं मी म्हणणार नाही. कॉलेजात तेव्हा अर्धं शिकवलेलं डोक्यावरून जात होतं, आणि पोस्टरवरच्या मुलीला सगळं समजत असल्यासारखं दिसत होतं. तो कोर्स करायचा तर बीएस्सी सोडावी लागणार होती. आणि बाबांना रस्त्याकडेची जागा विकावी लागणार होती. घराच्या पडवीत काम करून त्यांची पाठ गेली होती, आणि त्या जागेवर ते स्वतःचं वर्कशॉप बांधणार होते. बाबा म्हणाले, "जागा काय, पुन्हा होईन." त्यांनी गिऱ्हाईकही पाहून ठेवलं आणि चेकबुक घेऊन नागपूरला आले.

ऑफिस काचेचं होतं, थंडगार. पोस्टरवरच्या मुलीसारखाच ब्लेझर घातलेली, माझ्याहून थोडीच मोठी असेल अशी मुलगी आमच्याशी बोलायला बसली. ती इंग्रजीत सुरू करायची, मध्येच हिंदीत यायची. आजच नाव नोंदवलं तर सवलत आहे, उद्याचं सांगता येत नाही. बाबा प्रत्येक वाक्याला मान हलवत होते. मग बशीत कप ठेवून चहा आला. बाबांनी तो पूर्ण प्यायला. तिने फॉर्म पुढे सरकवला.

मी बाबांच्या कानाशी म्हटलं की आपण आज नको, जरा थांबू. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी असभ्य बोलले. "चहा पेलो ना वं आपण त्यायचा," ते पुटपुटले. "आता नाही कसं म्हणाचं?"

मला तो शिडीवरचा नोकर दिसला. मी काउंटरसमोर उभे राहायचे तशी उभी राहिले, हात मागे बांधले, आणि म्हटलं, "वी विल थिंक अबाउट इट."

ती म्हणाली, मॅम, ऑफर आजचीच आहे. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा ते थोडं माफी मागितल्यासारखं झालं, पण झालं. बाबांनी पेनाला टोपण लावलं. बाहेर रस्त्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "काय म्हटलं तू तिले?" मी सांगितलं. "मग ठीक आहे," ते म्हणाले. "विचार कराले काय लागते." पण बसमध्ये चढेपर्यंत त्या चहाचं त्यांच्या मनातून गेलं नाही.

त्यानंतर मी खरंच विचार केला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ब्युरेटच्या नळीतून थेंब सोडताना द्रावण एका थेंबात गुलाबी होतं, ते पाहताना मला जाणवलं की हे का होतं ते मला अजून नीट कळलेलं नाही आणि ते कळल्याशिवाय मला इथून जायचं नाही. सरांचा प्रश्न मी स्वतःला विचारला, हे तुला हवं आहे का? खरं उत्तर असं निघालं की मला ब्लेझर हवा होता. बाबांना फोन केला.  त्यांनी सांगितलं की त्या जागेवर वर्कशॉपचं टेबल कुठे येईल ते त्यांनी काल सहज मापून पाहिलं होतं.

विचार झाला होता, म्हणून मला वाटलं प्रकरण संपलं. पण त्या ऑफिसातून फोन येऊ लागले. मी उचलत नव्हते. एका संध्याकाळी वर्गाआधी फोन काउंटरच्या काचेवर ठेवलेला होता आणि तो थरथरत सरांपर्यंत सरकत गेला. त्यांनी विचारलं, कोण? मी सांगितलं. मी तिसरं वाक्य म्हटलं हे त्यांना आधीच माहीत होतं, त्या दिवशी ते खूश होऊन भाजीच्या गाडीपाशी सगळ्यांना सांगत होते.

"मग झाला विचार?"

"झाला, सर. नाही करायचा कोर्स."

"हे त्यांना सांगितलं?"

"फोन उचलला नाही की कळेल ना त्यांना."

सरांचा चेहरा उतरला. मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं आणि तो राग होता की काय, हेही मला नक्की सांगता येणार नाही. "म्हणजे तुम्ही तिले 'उद्या या' म्हणून राहिल्या," ते म्हणाले. एरवी ते पुस्तकी मराठी बोलत, गावाकडचं 'तिले' त्यांच्या तोंडून क्वचितच येई.

मग त्यांनी जे सांगितलं ते उभ्या उभ्या सांगितलं. शाळेतली नोकरी लागण्याआधी ते घरोघरी पुस्तकं विकत. इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांचा संच, जाड पुठ्ठ्याच्या पेटीत. नागपूरचा उन्हाळा, सायकल, मागे ती पेटी. महाल भागातल्या एका घरी बाईंनी पूर्ण संच पाहिला, पन्हं दिलं, मुलांना बोलावून दाखवला आणि म्हणाल्या, उद्या या. सर दुसऱ्या दिवशी गेले. पुन्हा पन्हं, पुन्हा उद्या. सरांना इतर घरांचं 'उद्या' कळायचं, पण इथं प्रेमाने पन्हं मिळत होतं, म्हणून त्यांना ते खरं वाटलं. तो अख्खा उन्हाळा ते तिथं जात राहिले. एक दिवस गेले तर दाराला कुलूप. शेजारच्यांनी सांगितलं, ते लोक तर घर बदलून गेले. सर पेटी घेऊन पायरीवर बसून राहिले.

"नाही म्हटलं असतं तर मी त्या दिवशी दुसऱ्या गल्लीत गेलो असतो," ते म्हणाले. "इतकंच होतं."

आता दारावर कोणी आलं की त्यांच्या तोंडून 'उद्या या' निघत नाही, आणि 'नको' म्हणणंही त्यांना जमत नाही. म्हणून ते घेतात. हे त्यांनी सांगितलं नाही. काचेमागच्या त्या मॉपांकडे पाहून ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज करून मी त्या काचेच्या ऑफिसात गेले. फोनवर सांगता आलं असतं, पण मला वाटलं, जिचा चहा प्यायलो तिला तोंडावर सांगावं.  मनात इंग्रजीत जुळवलेलं सगळं विसरले आणि मराठीतच म्हटलं, "आम्ही विचार केला. कोर्स करायचा नाही. हे सांगायला आले."

 ब्लेझरवाल्या मुलीने खुर्ची मागे सरकवली आणि तिचं इंग्रजी, हिंदी सगळं गळून पडलं. "हे सांगाले आली तू? इतक्या दूर?" ती काटोलकडची निघाली. "कोणी परत येत नाही वं. नंबर ब्लॉक करतात. मी रोज सकाळी पहिला फोन तुलेच लावत होती. मले वाटे, ही हो म्हणन." ती रागावली नव्हती. दमलेली दिसत होती. तिने कोणत्यातरी कागदावर आडवी रेघ मारली, पेन ठेवलं आणि विचारलं, "चहा घेशीन?"

"मला काही घ्यायचं नाहीये," मी घाईने म्हटलं.

"चहाच म्हणून राहिली मी." ती हसायला लागली. मग मीही.

आम्ही चहा प्यायलो. ती म्हणाली, ब्लेझरमध्ये फार उकडते, एसी नसला की.

घरी आले तेव्हा वर्गाला अजून वेळ होता. सर काउंटरच्या अलीकडे, नेहमीच्या जागी उभे होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं. "ती काय म्हणाली, ते पुन्हा सांगा." मी सांगितलं. कोणी परत येत नाही वं. त्यांनी मला आणखी एकदा सांगायला लावलं, आणि तिसऱ्यांदा सांगताना मी त्यांच्याकडे पाहण्याऐवजी काचेतल्या कंगव्यांकडे पाहत होते.

मग ते भिंतीला पाठ लावून, आडवे होत, काउंटरच्या मागे गेले.  पलीकडे उभे राहून त्यांनी शर्टाच्या बाह्यांची बटणं लावली, दोन्ही हात काचेवर ठेवले.

"या मॅडम," ते म्हणाले. "बाहेर जा आणि दारातून या."

मी बाहेर गेले. चपला घातल्या, पुन्हा काढल्या आणि आत आले. मला कळत होतं मी कोण व्हायचं आहे, पण पन्हं देणाऱ्या त्या बाई कशा बोलत असतील हे मला कसं कळणार? मी माझ्या गावी आई बोलते तसं बोलले.

"भाऊ, ती तुमची पुस्तकं पाहिली आम्ही. चांगली आहेत. पण आमाले नाही घ्याची. तुम्ही वाट पाहून राहसान, म्हणून सांगाले आली."

 सरांनी मान झुकवली, दुकानदार झुकवतात तशी.

"थँक यू फॉर कमिंग बॅक," ते म्हणाले.

बाहेर मुलांच्या सायकली लागायला लागल्या होत्या. पहिली मुलगी आत आली, सरांना पलीकडे पाहून दारातच थबकली, आणि काय करावं ते न सुचून तिने एक चादर दाखवत विचारलं, हाउ मच इज धिस. सरांनी तिला भाव सांगितला.